प्रार्थनेला बसल्यावर शब्दच येत नाहीत, तेव्हा तुम्ही रोज काय करता?

चिंचवडची_ताई

प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम.

मी ४२ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही श्रीरामपूर तालुक्यातलं. लग्नानंतर चिंचवडला आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. मुलगा दहावीला आहे. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, गेल्या जूनपासून डायलिसिस चालू आहे. सोमवार आणि गुरुवार, दुपारी साडेतीन ते साडेसात.

मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्येच वाढले. गावी रविवारी पेटी-तबल्यावर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं व्हायची, वडील टाळ धरायचे. रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना कधी चुकली नाही. म्हणजे हे सगळं माझ्या हाडीमाशी खिळलेलं आहे. पण आता गुडघे टेकले की डोक्यात नुसते आकडे येतात. क्रिएटिनिन, पोटॅशियम, रिक्षाचे पैसे, क्लासची फी. "हे प्रभू" म्हणते आणि पुढे काहीच सुचत नाही. तशीच उठते आणि कणीक मळायला घेते.

सकाळी सहाच्या आत मोबाईलवर चार ग्रुपमधून चार वचनं आलेली असतात. "आज तुझ्यासाठी मोठा चमत्कार आहे." पाठवणाऱ्यांचं प्रेम मला कळतं. पण त्याच दिवशी रिपोर्ट वाईट आला की ते वचन दिवसभर टोचत राहतं.

त्यात एक निर्णय डोक्यावर आहे. मोठे दीर म्हणतात, गावी या, घर आहे, थोडी शेती आहे, डायलिसिस श्रीरामपूरला करता येईल. इथे माझी नोकरी, मुलाची शाळा. मार्गदर्शन मिळावं म्हणून मागच्या आठवड्यात डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि बोट ठेवलं. त्यातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकातली वंशावळ आली. अमक्याला अमका झाला, तमक्याला तमका. मी ओट्याला टेकून कितीतरी वेळ रडले.

स्त्रियांच्या सभेत एका बहिणीने सगळ्यांसमोर सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येत नाही. त्यानंतर मी सभेला गेले नाही.

मला उपदेश नको आहे, राग मानू नका. एवढंच सांगा, तुम्ही रोज नक्की काय करता? किती वाजता, काय वाचता, किती वाचता? आणि ज्या दिवशी तोंडातून शब्द निघत नाही त्या दिवशी काय करता?

बदलापूर_लोकल

ताई, सलाम. मी २६ वर्षांचा आहे, तुमच्याएवढं काही सोसलेलं नाही, म्हणून थोडंच लिहितो.

मी वाचत नाही, ऐकतो. मोबाईलवर मार्काचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, सोळा अध्याय. बदलापूरहून सीएसएमटी येईपर्यंत जवळपास पूर्ण होतं. गर्दीत हात हलवायला जागा नसते, पण कान मोकळे असतात.

त्या बहिणीने जे म्हटलं त्यावर मला मार्काचा नववा अध्याय आठवला. मुलाला झटके येतात म्हणून एक बाप त्याला येशूकडे घेऊन येतो आणि सरळ सांगतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. दोन्ही एकाच दमात. येशूने त्याला परत नाही पाठवलं, की आधी विश्वास पुरा करून ये. मुलगा बरा केला. ताई, तुम्ही त्या बापाच्या शेजारी उभ्या आहात असं मला वाटतं.

नगरच्या_बाई

ताई, सलाम. मी ६८ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं शिकवलं, आता नगरला असते. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आणि आज सकाळी भाकरी थापताना तेच डोक्यात होतं. लांबेल, पण लिहिते.

आमचे मालक १९९१ साली गेले. एसटीत कंडक्टर होते. पोटात दुखतं म्हणून दाखवायला नेलं, आणि सात आठवड्यांत सगळं संपलं. मी ३४ वर्षांची, मुली नऊ आणि सहा. त्यानंतर चौदा महिने मी प्रार्थना केली नाही. मंडळीत उभी राहायचे, ओठ हलायचे, आत काही नव्हतं. कोणाला बोललेही नाही. मी शिक्षिका, पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, भिंतीला भिंत लागून राहणारी. सांगणार कोणाला?

माझी आत्या तेव्हा सत्तरीला टेकली होती. बायबल-बाई, म्हणजे घरोघरी जाऊन पवित्र शास्त्र वाचून दाखवणारी बाई, म्हणून तिने खेड्यापाड्यांत जन्म काढला. तिची आई, म्हणजे माझी आजी, १९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली पोर. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली आणि तिथल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला शिकली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणलं. ते तिथेच, मिशनच्या बायका-मुलींच्या हातून जुळवलं आणि छापलं गेलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. आजी सांगायची, काही स्तोत्रं मला आधी उलटी पाठ झाली आणि मग सुलटी. त्या छपाईची एक प्रत आत्याकडे आली होती.

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये गेली. पुढे नऊ महिनेही न होता, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्या मधल्या महिन्यांतही त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण कळलं मालक गेल्यावर.

तर आत्या दर शनिवारी दुपारी राहुरीहून एसटीने यायची. चहा घ्यायची. मग सूप पुढे ओढून ज्वारी निवडायला बसायची. खडे एका बाजूला सारायची, अधूनमधून एखादा दाणा दाताखाली घालून बघायची. मुलींशी बोलायची, माझ्याशी फारसं नाही. निवडून झालं की हात पदराला पुसायची. पुस्तक जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं असायचं. ती गाठ सोडायची आणि मोठ्याने एक स्तोत्र वाचायची. एकच. अर्थ सांगायची नाही, मला "प्रार्थना कर" म्हणायची नाही. परत गाठ मारायची आणि पाचच्या गाडीने जायची.

बरं, स्तोत्रं तरी कोणती! मला वाटायचं ही तेविसावं वाचेल, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. ते तिने कितीतरी महिने वाचलं नाही. तेरावं वाचायची, ज्यात तो माणूस देवाला कुठवर, कुठवर म्हणून चारदा विचारतो. बेचाळिसावं वाचायची. आणि एका शनिवारी अठ्ठ्याऐंशीवं वाचलं. मी ऐकत होते आणि वाट बघत होते की आता शेवटी "तरी देव चांगला आहे" असं काहीतरी येईल. आलं नाही. ते स्तोत्र अंधारावरच संपतं. तिने गाठ मारली. मी म्हटलं, "आत्या, एवढंच?"

ती म्हणाली, "एवढंच हाये. ज्यानं लिहिलं त्याच्याकडं त्या दिवशी तेवढंच होतं. आन् देवानं ते पुस्तकातून काढलं नाही."

त्या रात्री मी चौदा महिन्यांनी देवाशी बोलले. चांगलं काही बोलले नाही, भांडले. मुली जाग्या होऊ नयेत म्हणून न्हाणीत जाऊन भांडले.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की शब्द नसतील त्या दिवशी उसने घ्यावेत. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसे. पवित्र शास्त्रात दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यातली कितीतरी रडगाऱ्हाणी आहेत. एक घ्यायचं, मोठ्याने वाचायचं, मिटायचं. आपलं स्वतःचं काही जोडायची सक्ती नाही.

आता रोजचं. पहाटे पाचला उठते, चूल म्हणजे आता गॅस, पेटवायच्या आधी प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली ती, म्हणते. त्यातल्या एका ओळीवर मी एवढी वर्षं जगले आहे: "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." मी नगर जिल्ह्यातली बाई, मला ही ओळ कोणी समजावून सांगावी लागली नाही. उद्याची भाकरी आज थापून ठेवता येत नाही. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, बाजरीची त्याहून लवकर. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून पाठवलेलं अन्न, मिळाला तो एका दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी झाकून ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. ताई, तुम्ही गुडघे टेकता तेव्हा तुमच्यासमोर पुढच्या पाच वर्षांचं डायलिसिस, मुलाचं कॉलेज आणि गावचं घर एकदम येतं. तेवढ्या सगळ्यासाठी पुरेल अशी प्रार्थना कोणालाच येत नाही. मलाही येत नाही. मी आज रात्रीपर्यंतचं मागते.

आणि रात्री वही लिहिते. १९९२ च्या जूनपासून. शाळेची दोनशे पानी वही, रोज तारीख आणि एक ओळ: आज कोणती भाकर मिळाली. कधी कधी ती कोणाच्या हातून आली त्याचं नाव. आता चौथी वही चालू आहे. पहिल्या वहीतल्या काही ओळी उतरवते.

१४ जुलै: न सांगता तास बदलून मिळाला, धाकटीला दवाखान्यात नेता आलं.
३ ऑगस्ट: काही नाही.
४ ऑगस्ट: काही नाही.
५ ऑगस्ट: थोरली झोपेत हसली.

काही नाही, हेही लिहायचं. खोटं लिहायचं नाही. ही वही देव वाचतो असं मी मानते.

मार्गदर्शनाचं विचारलंत, तर तेही मला या वहीतूनच मिळालं. १९९४ साली माझा भाऊ म्हणाला, पुण्याला ये, मुलींना चांगल्या शाळा मिळतील. तुमच्यासारखंच, जावं की राहावं. मी एका रविवारी दोन वर्षांच्या ओळी वाचून काढल्या. ज्या ज्या हातांनी मला भाकर दिली होती, दुधवाले काका, समोरच्या मारवाडी काकू, शाळेतली शिपाईबाई, पाळकीणबाई, ते जवळजवळ सगळे हात माझ्या गल्लीत होते. मी गेले नाही. डोळे मिटून बोट ठेवल्यावर मिळालेलं ते वचन नव्हतं, पण देवाने मला वाट दाखवली ती अशी, याबद्दल मला आजवर शंका आली नाही. तुमची वही कदाचित उलटं सांगेल, गावाकडे बोट दाखवेल. लिहून तर बघा.

त्या बहिणीचं बोलणं वाचून मला राग आला, तोही इथे लिहून ठेवते. पवित्र शास्त्रातल्या ईयोबाने, त्या भल्या माणसाने, मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तोवर ते मित्र होते. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. पुस्तकाच्या शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. ईयोबावर नाही, आणि ईयोब तर देवाला काय काय बोलला होता.

वाडीवाला_वसई

ताई, मी कॅथलिक आहे, वसईच्या पश्चिम पट्ट्यातला. सोनचाफा आणि वेलची केळी. पहाटे अंधारात कळ्या खुडायच्या आणि लोकलने दादरच्या फुलबाजारात न्यायच्या, हा माझा दिवस. बाईंच्या वहीबद्दल वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे जवळपास हीच रीत दुसऱ्या वाटेने आली आहे.

संत इग्नेशियस लोयोला हा मुळात शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक महिने घरी पडून राहिला. वाचायला मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं छान वाटे, पण मागून मन कोरडं पडे. संतांसारखं जगावं असा विचार केला की मागूनही मन निवांत राही. देव आपल्याशी बोलतो तो असा, मागे काय उरलं त्यावरून ओळखावा, हे त्याला तिथे कळलं.

मी रोज रात्री रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, झाली की दहा मिनिटं ओट्यावर बसतो. आधी दिवसाबद्दल आभार. मग पहाटेपासून दिवस परत चालून येतो: कळ्या, लोकल, बाजार, जेवण, पोरांशी बोलणं. कुठे मन मोकळं होतं, कुठे आवळलं गेलं. चुकलं तिथे क्षमा मागतो. उद्यासाठी एक गोष्ट मागतो आणि झोपतो.

पण मला तुम्हाला खरं सांगायचं आहे ते इग्नेशियसच्या एका नियमाबद्दल: मन उदास, कोरडं, अंधारलेलं असेल तेव्हा आधी ठरवलेलं काही बदलायचं नाही. २०१३ साली माझ्यावर कर्ज होतं, बिल्डरचा माणूस दिवसाआड दारात. एका रात्री दोन वाजता मी ठरवलं, सकाळी सही करून मोकळं व्हायचं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता तुमचा चेहरा बघा, आणि रिट्रीटला, त्या प्रार्थनेच्या शिबिरात, फादरांनी काय सांगितलं होतं ते आठवा." आम्ही सहा आठवडे थांबलो. रोज रात्री दोघं बसायचो: आज विकायचा विचार केला तेव्हा मागे काय उरलं? ठेवायचा केला तेव्हा काय उरलं? शेवटी सात गुंठे विकले, बाकी ठेवली. विकायचं वाईट वाटलं, आजही त्या बांधावरून जाताना वाटतं. पण ती सही मी भीतीने केली नाही.

गावी जावं की नाही ते मी सांगू शकत नाही. ज्या दिवशी ओट्याला टेकून रडलात त्या दिवशी ठरवू नका, एवढंच. आणि श्रीरामपूरला जाऊन प्रत्यक्ष बघून या: मशीन किती, वेळ कोणती मिळते, रात्री काही झालं तर डॉक्टर कुठे. अशी चौकशी करणं म्हणजे अविश्वास नव्हे. येशूनेच सांगितलंय, बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तुम्ही तर हिशेबच बघता.

मिरजेची_सिस्टर

ताई, मी नऊ वर्षं डायलिसिस युनिटमध्ये आहे, त्यामुळे तुमचं लिहिणं वाचताना मला बाहेरचा बाक दिसला. त्या चार तासांत पेशंटकडे आमचं लक्ष असतं. बाकावर बसलेल्या बायकोकडे कोणाचंच नसतं. तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं? गुरुवारी दुपारी जेवता का?

मी हे अध्यात्म सोडून बोलत नाहीये. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. आणि झोपी गेला. देवदूत आला तेव्हा त्याने एलीयाला विश्वासाबद्दल एक शब्द ऐकवला नाही. हात लावून उठवलं आणि म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. तो जेवला आणि परत झोपला. देवदूताने झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवलं, परत खाऊ घातलं, कारण पुढची वाट फार लांबची होती. दोन जेवणं आणि दोन झोपा झाल्यावर तो चाळीस दिवस चालला.

आमच्या बाकावर एक आजी यायच्या, नवरा मशीनवर असायचा. रोज दोन डबे आणायच्या. एक त्यांचा, दुसरा त्या दिवशी जी कोणी एकटी आली असेल तिचा. जात-धर्म विचारायच्या नाहीत. नवरा गेल्यानंतरही तीनेक महिने डबा घेऊन येत होत्या. मला देवदूत म्हटलं की त्या आजींची स्टीलच्या डब्याची कडी आठवते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमची नोंद झाली नसेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि ती चार वचनं सकाळी सहाला बघायची गरज नाही. ग्रुप म्यूट करा, पाप लागत नाही.

चिंचवडची_ताई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांची उत्तरं तेव्हाच वाचली होती, लगेच लिहायला जमलं नाही.

ग्रुप म्यूट केले. योजनेत नाव आधीच आहे, सिस्टर. बीपी मोजलं, १५० वर होतं, गोळी सुरू झाली आहे. गुरुवारी आता दोन पोळ्या आणि भाजी नेते आणि तिथेच बाकावर खाते.

वही केली. तेवीस दिवसांत चौदा ओळी झाल्या. बाकीच्या दिवशी लिहिलंच नाही, "काही नाही" हेसुद्धा नाही. एक ओळ मुलाची आहे: "आईने आज गाणं गुणगुणलं." माझी वही उघडून त्याने स्वतःच लिहिलं, मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

श्रीरामपूरला जाऊन आले. मशीन आहे, पण सध्या फक्त पहाटेची वेळ मिळते, आणि आमच्या गावाहून त्या वेळेला गाडी नाही. मार्चमध्ये मुलाची परीक्षा होईपर्यंत काही बदलायचं नाही असं मी आणि मिस्टरांनी बसून ठरवलं. दिरांना फोन केला. ते नाराज झाले नाहीत, म्हणाले, मग तोवर महिन्याला धान्य पाठवतो. तेही वहीत लिहिलं.

प्रार्थना अजून नीट होत नाही. उसनी घेते. परवा मिस्टर मशीनवर असताना मी तेरावं स्तोत्र मनात वाचत होते. ते म्हणाले, काय वाचतेस, मोठ्याने वाच. हळूच वाचलं. शेजारच्या बेडवरचे काका वारकरी आहेत, गळ्यात माळ. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "परत वाचा. आमचे तुकोबाबी इठोबाशी असंच भांडत्यात." मी परत वाचलं. मिस्टर रडले, जूननंतर पहिल्यांदा. मशीन चालूच होतं. मी त्यांचा मोकळा हात धरून बसले.

बाई, तुमच्या आत्या अर्थ सांगायच्या नाहीत, ते मी पुन्हा पुन्हा वाचते. माझ्याकडे तशी आत्या नाही.

नगरच्या_बाई

ते लुगड्यात बांधलेलं पुस्तक आता माझ्याकडे आहे. मला आता एसटीचा प्रवास झेपत नाही, पण फोनवर वाचू शकते. गुरुवारी करू का? एकच स्तोत्र वाचेन आणि ठेवेन. बोलायची गरज नाही. नंबर मला इथे खासगी निरोपात पाठवा.

चिंचवडची_ताई

करा, बाई. साडेतीनला सुया लावतात, चारपर्यंत ते स्थिर होतात. चारला करा. फोन स्पीकरवर ठेवते, काकांना पण ऐकायचंय.